दोन शाळांची बबिता

हिवरडी, ता. सेलू
२७ नोव्हेंबर २०२४

प्रति,
मुख्याध्यापक,
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, बोरखडी, ता. जिंतूर

विषय : आपल्या पटावरील विद्यार्थिनी आमच्या वर्गात बसत असल्याबाबत.

महोदय,

तुमच्या गावचा धोंडीबा मेंढपाळ दिवाळीनंतर मेंढ्या घेऊन आमच्या शिवारात उतरला आहे. शेतं मोकळी झाली की इकडचे लोक खतासाठी रात्रीच्या मेंढ्या बसवून घेतात आणि मेंढपाळाला धान्य देतात, हे तुम्हाला सांगायला नको. त्याची मुलगी बबिता, इयत्ता पाचवी, शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण करताना मला त्यांच्या मेंढ्यांच्या वाड्यावर, म्हणजे शेतातल्या तळावर, सापडली. मी तिला आणून वर्गात बसवली. आता सरकारच्या विद्यार्थी पोर्टलवर तिचं नाव घ्यायला गेलो, तर पोर्टल म्हणतं की ही मुलगी बोरखडीच्या शाळेत शिकते. एवढ्यावर थांबत नाही. परवा सोमवारी आणि काल मंगळवारी ती बोरखडीत हजर होती, असंही दाखवतं.

महोदय, सोमवारी आणि मंगळवारी ती माझ्यासमोर बसून खिचडी खात होती.

निवडणुकीची ड्यूटी करून आलो तेव्हापासून अंग मोडून आलं आहे, त्यात हा प्रकार. वरिष्ठांकडे तक्रार करण्याची माझी इच्छा नाही. आपण मुलीचं नाव तातडीने सोडावं, म्हणजे मला ते माझ्या शाळेत घेता येईल. फोन करणार होतो, पण आमच्या शाळेत रेंज फक्त लिंबाखाली येते आणि तिथं गावातले रिकामे लोक आधीच बसलेले असतात. शिवाय आपल्या खात्यात लेखी नसलेलं कुणी खरं धरत नाही. तरी लेखी उत्तर मिळावं.

आपला,
रंगनाथ
मुख्याध्यापक, जि. प. प्रा. शाळा, हिवरडी


बोरखडी, ता. जिंतूर
५ डिसेंबर २०२४

रंगनाथ सर,

पहिली गोष्ट, मी महोदय नाही, बाई आहे. माझं नाव विजयमाला. दुसरी गोष्ट, होय, मी तिची हजेरी लावते. तीन वर्षं झाली, दर दिवाळीनंतर लावते. खोटं आहे, मान्य. आता करा तक्रार.

तुम्ही पत्रात सगळं लिहिलंत, फक्त एक लिहायला विसरलात. तुमचा पट किती आहे? मीही याच खात्यात चोवीस वर्षं काढली आहेत सर. एका मेंढपाळाच्या पोरीचा एवढा पुळका उगाच कुणाला येत नाही.

माझ्याकडची गत ऐका. दिवाळी झाली की अर्धी शाळा रिकामी होते. कुणी ऊस तोडायला जातं, कुणी पुण्याकडं कंपनीत, आणि चारठाण्याच्या डोंगराकडची ही आमची धनगरांची घरं मेंढ्यांमागं. जूनमध्ये पोरं परत येतात तेव्हा जोडाक्षर विसरलेली असतात. मी पुन्हा 'कमळ' पासून सुरू करते. दिवाळीपर्यंत जमत आणते, की पुन्हा बिऱ्हाडं निघाली. विहिरीतून पाणी शेंदायचं आणि फुटक्या रांजणात ओतायचं, असली ही नोकरी. आधी रडू यायचं. आता तेही येत नाही.

गैरहजर लावत गेले तर काही दिवसांनी नाव शाळाबाह्य दाखवावं लागतं. एकदा नाव गेलं की धोंडीबा पुन्हा घालायला येणार नाही, कारण त्याला वाटतं सरकारनंच पोरीला सुट्टी दिली. आणि बबिताचं हे शेवटचं वर्ष आहे. आमची शाळा पाचवीपर्यंतच. जिंतूरला मुलींची निवासी शाळा आहे, सहावीपासून, राहणं जेवण फुकट. मी धोंडीबाच्या किती मिनत्या केल्या असतील. शेवटी तो म्हणाला, "पाचवी नीट पास झाली तर बघू. न्हाई तर वाड्यावर लय काम हाय." त्या 'बघू'वर माझं सगळं चाललंय. ते चुकलं तर ती मेंढ्यांमागं जाईल, आणि मग दोन-तीन वर्षांत लग्न. तिच्या मोठ्या बहिणीचं तसंच झालं.

म्हणून नाव मी सोडणार नाही. पोरगी तुमच्यापुढं बसलीच आहे, तर शिकवा. शिकवायला पोर्टल लागत नाही.

विजयमाला


हिवरडी
१९ डिसेंबर २०२४

मॅडम,

तुमची भाषा कडक आहे. मी वयाने मोठा असेन, म्हणून ती सोसली. माझ्या पटाचा इथं काही संबंध नाही.

शिकवा म्हणता. कुणाला शिकवू? ही मुलगी उगवते बारा वाजता, बरोबर खिचडीचं झाकण उघडायच्या वेळी. आमची पोरं तिला 'खिचडीवाली' म्हणतात. मी दोघांना त्यासाठी बदडलं, तरी म्हणतातच. जेवण झालं की तासभर बसते आणि वाड्यावरून हाक आली की उठून जाते. पुस्तक पुढं ठेवलं की खाली मान. विचारलं तर बोलत नाही. मी तिला पाचवीचा धडा दिला, चौथीचा दिला, शेवटी तिसरीच्या पोरांत नेऊन बसवली. तिथंही गप्प. मॅडम, राग मानू नका, पण मुलीला वाचता येत नाही. तीन वर्षं तुम्ही हजेऱ्या लावल्या, अभ्यास कुणी लावला? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

मेंढपाळांची पोरं माझ्याकडे दरवर्षी येतात. येतात तेव्हा पाहुण्यासारखी भिंतीला टेकून बसतात, जातात तेव्हा सांगतही नाहीत. मी पुढच्या वर्षी रिटायर होतो. अशा पोरांचं काय करायचं, हे मला कोणत्याच प्रशिक्षणात कुणी सांगितलं नाही. चहा मात्र प्रत्येक प्रशिक्षणात मिळाला.

रंगनाथ


बोरखडी
२ जानेवारी २०२५

सर,

तुमचं पत्र वाचून माझं रक्त तापलं.

बबिताला वाचता येतं. मेंढ्यांच्या जंताच्या औषधाच्या बाटलीवर बारीक अक्षरात माप लिहिलेलं असतं, ते ती बापाला वाचून दाखवते. मागं एकदा दुकानदारानं मुदत संपलेली बाटली दिली होती, ती हिनं ओळखली आणि धोंडीबानं परत नेऊन दिली. धोंडीबा तिला शाळेत येऊ देतो ते माझ्या मिनत्यांमुळं नाही, त्या बाटलीमुळं.

ती बारा वाजता येते, कारण सकाळी तिची आई सरजाबाई आणि बाप मोठ्या मेंढ्या घेऊन चरायला जातात आणि मागं जाळीच्या कुंपणात कोवळी कोकरं असतात. ती राखायचं काम हिचं. कुत्रं आलं, घार आली, तर हीच. दुपारी सरजाबाई माघारी आली की हिची सुटका. ती खिचडीसाठी येत नाही हो, सुटली की पळत येते. आणि तुम्ही तिला तिसरीत बसवली. दहा वर्षांची पोरगी, नवं गाव, वर ते नाव ठेवलेलं. मी असते तर मीही तोंड उघडलं नसतं.

तुमच्याशी भांडून मला काय मिळणार? मी इथं चाळीस-पन्नास किलोमीटरवर, आणि ती तुमच्या दारात. एक विनंती करते, मोठ्या मनानं ऐका. धोंडीबाचा वाडा हिवरडीत फार तर संक्रांतीपर्यंत टिकेल. मग देवगाव फाट्याकडून पुढं, मग गोदाकाठ. दर पंधरा दिवसांनी नवं गाव, नवी शाळा, आणि खरं म्हणजे कोणतीच नाही. मेंढ्या कुठं जातात? जिथं कुणी बसवून घेतं तिथं. तुमच्या गावात तुमचा शब्द चालत असेल. चार शेतकऱ्यांना सांगा, एकामागून एक शेत धरा, आणि वाडा परीक्षेपर्यंत तिथंच ठेवा. एवढं केलंत तर पोरगी एका शाळेत सलग बसेल. तिच्या जन्मात असं अजून एकदाही झालेलं नाही.

विजयमाला


हिवरडी
२६ जानेवारी २०२५

विजयमालाताई,

झेंडावंदन आटोपून लिहितो. पोरं जिलेबी खाऊन घरी गेली, शाळेत मी एकटाच आहे.

तुमचं पत्र आल्यावर मी सकाळीच वाड्यावर गेलो. बबिता जाळीजवळ बसली होती. मी काही विचारलं नाही. चौथीचं पुस्तक तिच्याजवळ ठेवलं आणि बाजूला दगडावर बसून राहिलो. बऱ्याच वेळानं तिनं एक कोकरू मांडीवर घेतलं आणि पुस्तक उघडलं. वाचायला लागली ताई. अडखळत, पण वाचत होती. मी म्हटलं, शाळेत का नाही वाचलंस? तर म्हणते, "तिथं समदे बघायलेत ना सर माझ्याकडं." मला स्वतःची लाज वाटली. त्या दिवसापासून मी शाळेआधी अर्धा तास वाड्यावर जातो. गावातले म्हणतात, गुरुजीला मेंढ्यांचं वेड लागलं. लागू द्या.

मेंढ्या बसवण्याचं जमवलं. सोपं नव्हतं. किशनराव म्हणून आमच्याकडे मोठे शेतकरी आहेत, त्यांची नातवंडं सेलूला इंग्रजी शाळेत जातात, गाडी दारात येते. ते म्हणाले, आमची पोरं शाळेतून गेली तेव्हा तुम्ही कधी आमच्या दारात असे आला नाहीत. बोलणं लागलं, पण खरं होतं. शेवटी त्यांचं शेत धरलं, त्यानंतर पंडितचं, त्यानंतर आणखी तिघांचं. धोंडीबा आधी तयार होईना. त्याचं म्हणणं, एका शिवारात जास्त दिवस राहिलं की चारा संपतो, जनावर हावरं होतं. मी त्याला म्हटलं, परीक्षेपर्यंत थांब, पोरीचं कल्याण होईल. मग त्यानं जबान दिली. त्या लोकांची जबान म्हणजे जबान.

आता तुम्ही विचारलं होतं ते. माझा पट एकोणीस आहे. यंदाच्या पटावर पुढच्या वर्षीचे मास्तर ठरतात; वीस झाला नाही तर माझ्याबरोबरच्या तरुण मास्तरची जागा जाते आणि पाच वर्गांना मी एकटा उरतो. पोरगी सापडली त्या दिवशी मला पहिल्यांदा हेच आठवलं. तिचं तोंड नंतर आठवलं.

बबिता आता पाचवीत बसते. खिचडीवाली म्हणणं बंद झालं आहे, कारण आमच्या पोरांना आता कोकरं बघायला तिच्याबरोबर वाड्यावर जायचं असतं.

रंगनाथ


बोरखडी
२४ फेब्रुवारी २०२५

गुरुजी,

आता तुम्हाला सर म्हणवत नाही.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. आणि मग जिंतूरला जाऊन ऑनलाइन कामं करणाऱ्या केंद्रावरच्या मुलाच्या शेजारी बसून बबिताचं नाव सोडलं. ते आता ड्रॉपबॉक्समध्ये आहे. कोणत्याच शाळेत नसलेल्या पोरांची नावं जिथं पडून राहतात, ती ही पेटी. तुम्ही तुमच्या पोर्टलवरून ते उचला, म्हणजे पोरगी रीतसर हिवरडीची झाली. पाचवीचा निकाल तुम्हीच द्या. शिकवलंत तुम्ही, तर निकालही तुमचाच असायला हवा.

माझा पट किती, हे तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून सांगते. बबिता धरून वीस होता. आता जूनपासून मी एकटी. मी पण तुम्हाला हे आधी सांगितलं नव्हतं, तेव्हा फिटंफाट. आपण दोघं एका पोरीचे दोन हात धरून ओढत होतो. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, ते काही खोटं नाही. कुणीतरी हात सोडायलाच हवा होता.

सोडताना वाईट वाटलं. पण घरी आल्यावर खूप दिवसांनी शांत झोप लागली. नाव उचललं की दोन ओळी टाका.

विजयमाला


बोरखडी
२५ मार्च २०२५

गुरुजी,

महिना झाला, उत्तर नाही. नाव उचललंत ना? इथं केंद्रावर विचारलं तर म्हणतात अजून पेटीतच दिसतंय. तब्येत बरी आहे ना तुमची? गावाकडचं कुणी तिकडून आलं की मी विचारते, वाडा कुठं आहे. कुणी नीट सांगत नाही. लिहा.

विजयमाला


हिवरडी
७ एप्रिल २०२५

ताई,

हे पत्र मी चार वेळा सुरू केलं. आता जसं येईल तसं लिहितो.

फेब्रुवारीच्या मध्यालाच आमच्या शिवारात चरायला काही राहिलं नव्हतं. धोंडीबा माझ्याकडे आला होता. म्हणाला, "गुरुजी, जनावर उपाशी मरायलंय, आता जाऊ द्या." मी म्हटलं, आठ दिवस थांब. आठ दिवसांनी पुन्हा आला. मी म्हटलं, परीक्षा तोंडावर आहे, एवढ्यात जबान कशाला मोडतोस. तिसऱ्या वेळी तो आला नाही. जबान दिली होती ना. तो पुढची जागा बघायला मानवतकडे गेला, परीक्षा संपल्या संपल्या निघता यावं म्हणून.

मध्ये एक अवकाळी सर येऊन गेली होती. किशनरावांच्या काढलेल्या ज्वारीच्या बुडख्यांना कोवळे फुटवे आले होते. ते फुटवे मेंढीला विष असतात, हे धोंडीबाला माहीत, सरजाबाईला माहीत, इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. संध्याकाळी उपाशी मेंढ्यांनी जाळी पाडली आणि त्या शेतात घुसल्या. सरजाबाई आणि बबिता दोघीच होत्या. दोघींनी दगड मारले, ओरडल्या, पण भुकेलं जनावर ऐकत नाही. मी पोचलो तोवर मेंढ्या तडफडत पडल्या होत्या. डॉक्टर सेलूहून येईपर्यंत चाळीसच्या वर गेल्या. बहुतेक लेकुरवाळ्या. मागं जाळीत त्यांची कोकरं ओरडत होती.

धोंडीबा दुसऱ्या दिवशी आला. मला वाटलं मला मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, "गुरुजी, तुमची परीक्षा झाली का?" आणि घोड्यावर बिऱ्हाड घालून निघून गेला. बबितानं माझी पुस्तकं परत आणून ओट्यावर ठेवली.

मी त्या माणसाला कुणासाठी थांबवलं होतं? पोरीसाठी की विसाव्या नावासाठी? मी रोज स्वतःला विचारतो. आधी पोरीसाठी म्हणायचो. आता मला सांगता येत नाही.

बबिताचं नाव सोडल्याचं तुमचं पत्र त्याच आठवड्यात आलं. उचलायची हिंमत झाली नाही. म्हटलं, या पोरीवर माझ्या शाळेचा आता काय हक्क? तिच्या नावासाठी पोर्टलवर घातलेली माझी मागणीच मी रद्द केली. मला वाटलं, मागणी रद्द केली की नाव आपोआप तुमच्याकडे परत येईल.

रंगनाथ


बोरखडी
११ एप्रिल २०२५

गुरुजी,

नाव आपोआप परत येत नसतं.

मी माझ्याकडून सोडलं, तुम्ही तुमच्याकडून सोडलं. पोरगी आता कुठंच नाही. परीक्षा सुरू आहेत. केंद्रावर सांगितलं की पोर्टल आता निकाल लागेपर्यंत बंद. मी त्या मुलावर ओरडले. तो बिचारा म्हणाला, मॅडम, तुम्हीच सोडलंय.

तुमच्यावर राग काढायला बसले होते, पण निघेना. वाडा थांबवा असं मीच लिहिलं होतं. एका ठिकाणी सलग बसली की पोर शिकतं, हे आपल्याला माहीत. एका ठिकाणी थांबलं की जनावर मरतं, हे धोंडीबाला माहीत. आपण त्याचं ऐकलं नाही, कारण आपण मास्तर. तुम्ही एकटे नाही यात. पण आता रडत बसू नका. उन्हाळ्याची सुट्टी लागली की त्यांना शोधा. मला घर सोडता येत नाही, सासूबाई अंथरुणावर आहेत.

विजयमाला


हिवरडी
१८ मे २०२५

ताई,

सापडले. पाथरीच्या पुढं, गोदाकाठाला. तीन गावं पायाखाली घातली. या उन्हात कुणाला विचारावं तर रस्त्यावर माणूस नाही.

वाडा ओळखूच आला नाही, इतका लहान झालाय. बिनआईच्या कोकरांपैकी बरीच गेली, उरलेली धोंडीबानं विकून टाकली. मला बघून तो उठला नाही, पण सरजाबाईनं चहा टाकला. मी पिशवीतून परीक्षेचे पेपर काढले आणि म्हटलं, पोरीनं हे इथं बसून सोडवले तर मी सही करतो. धोंडीबानं पेपरकडे बघितलंही नाही. बबिता मात्र बसली. बाभळीखाली दोन दिवस लागले तिला, मी गावातल्या मारुतीच्या देवळात मुक्काम केला. गणित बरं आहे. मराठीत धड्यांची उत्तरं कच्ची आहेत, पण निबंध चांगला लिहिलाय. पास आहे, ताई. मेहेरबानीनं नाही, खरंच पास आहे.

जिंतूरच्या शाळेचा विषय मी काढला. धोंडीबा बघूसुद्धा म्हणाला नाही. निघताना मी त्याच्यापुढं हात जोडले. तो म्हणाला, "गुरुजी, उन्हं वाढायच्या आत निघा."

पेपर आणि निकाल सोबत जोडला आहे. कोणत्या शाळेचा शिक्का मारायचा ते तुम्ही ठरवा.

रंगनाथ


बोरखडी
२२ जून २०२५

रंगनाथ गुरुजी,

मंडळी मृगाच्या आधी गावात आली. शाळा उघडायची वाट न बघता मी त्यांच्या घरी गेले. काय काय बोलायचं, सगळं मनात जुळवून गेले होते. मुलीचं भवितव्य, सरकारची योजना, लग्नाचं वय. पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत धोंडीबा म्हणाला, "घेऊन जा तिला."

मला खरंच वाटेना. मी पुन्हा विचारलं. तर म्हणाला, "बाई, पोरीचं काम कोकरं राखायचं. आता राखायला कोकरंच न्हाईत. बसवून खाऊ घालण्यापरीस तिथं जेवू द्या."

गुरुजी, गेली तीन वर्षं मी ज्या हो साठी झुरत होते, तो हो असा मिळाला. मी आभार मानले आणि ते तोंडातच कडू झाले. सरजाबाई चुलीपाशी बसली होती, तिनं माझ्याकडे बघितलं नाही. तिनं बबिताचे दोन फ्रॉक आणि एक नवी घोंगडी बांधून दिली. घोंगडी तिच्याच मेंढ्यांच्या लोकरीची होती की नाही, ते मी विचारलं नाही.

आता तुम्हाला हसू येईल. नाहीतर माझ्यासारखा संताप येईल. निवासी शाळेच्या मुख्याध्यापिकेला मी भीत भीत सगळं सांगितलं. नाव पेटीत, दोन शाळा, निकालावर शिक्का कुणाचा. बाईंनी कॉम्प्युटर उघडला, पेटीतून नाव उचललं आणि म्हणाल्या, झालं. चहा गार व्हायच्या आत झालं. आपण दोघांनी सहा महिने जे ओढलं, जे सोडलं, त्याची कुठं नोंदसुद्धा उरली नाही. तुमचा निकाल मी दाखवला. त्यांनी तो फाईलला लावून घेतला, शिक्क्याचं कुणी विचारलंच नाही.

मी आता एकटी आहे. पाचही वर्ग एका खोलीत बसवते. तुमच्या तरुण मास्तरची जागाही गेली असेल. शाळा उघडून आठवडा होतो न होतो तोच पोरं पुन्हा 'कमळ' पासून सुरू झाली आहेत. थकले आहे गुरुजी, खोटं कशाला बोलू.

बबिताला सोडायला मीच गेले. एसटीत ती खिडकीशी बसली होती. चारठाणा मागं पडलं तरी बाहेरच बघत होती. रडली नाही. मी तिला शाळेतलं सांगत होते, तिथं पलंग असतो, लायब्ररी आहे, रविवारी गोड असतं. ती ऐकत होती की नाही, कोण जाणे. जिंतूर जवळ आल्यावर तिनंच तोंड उघडलं.

"मॅडम, मेंढ्या पहिल्याइतक्या व्हायला पाच वर्षं लागतेत. आबा म्हणायले होते."

मी म्हटलं, हो, लागत असतील.

तिनं बोटं मोजली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सहावी ते दहावी पण पाचच होतेत. बरोबर हाय का?"

बापानं तिला कधी परत न्यायचं, हे त्याच्याही आधी पोरीनं काढून ठेवलं होतं. मला म्हणायचं होतं, तोवर तू आमच्या हातची राहणार नाहीस, तू पुढं जाशील, कुणी तुला परत नेणार नाही. पण तिनं मला एवढंच विचारलं होतं की गणित बरोबर आहे का.

बरोबर आहे, म्हटलं.

विजयमाला